पाचवा प्रश्न

'होय' असं लिहून मी पूर्णविराम दिला आणि मग माझा हात पुढे सरकेना. सकाळचे अकरा वाजले होते. साप्ताहिकाच्या कचेरीत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझ्या डोक्यावरचा पंखा. खालच्या शाळेत पाढे चालले होते आणि समोर एका परिचारिकेचं पत्र उघडं पडलं होतं. एकोणीस वर्षं मी 'शंकासमाधान' हे सदर लिहितोय. 'होय' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देऊन पुढे खुलासा करायचा ही माझी पद्धत. टीकाकार त्यामुळे चवताळतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. पण ही बाई टीकाकार नव्हती. तिने लिहिलं होतं, "मी तुमच्या धर्माची नाही, खरं म्हणजे कुठल्याच नाही. आमच्या विभागात एका बाईचं बाळ जाणार हे दिसत होतं. तिने सांगितलं तसं मी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि ती म्हणाली ते शब्द म्हटले. आता तिच्या घरचे म्हणतात, पाणी ओतणारीचा विश्वासच नाही तर तो बाप्तिस्मा लागू नाही. ती रोज मला फोन करून विचारते. मी तिला काय सांगू?" एवढंच. इतका सोपा प्रश्न महिन्यातून एखादाच येतो. बाकीच्यांना काइनाला बायको कुठून मिळाली ते हवं असतं, येशूचे भाऊ सख्खे की चुलत ते हवं असतं, पोपचं नाव बायबलच्या कुठल्या पानावर आहे ते हवं असतं, आणि प्रत्येकाला वाटतं की ही शंका जगात पहिल्यांदा त्यालाच सुचली. ह्या बाईला फक्त फोनवर काय बोलायचं ते हवं होतं. उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. मूल मरणाच्या दारात असेल तर देणारा ख्रिस्ती असायचीही गरज नाही, त्याचा विश्वास असायची गरज नाही. पाणी हवं, शब्द हवेत, आणि ख्रिस्तसभा जे करते तेच आपण करतोय एवढा हेतू हवा. सोळा वर्षांपूर्वी ह्याच सदरात मी हे लिहिलं होतं. कात्रण समोरच्या पत्र्याच्या कपाटात आहे, वरून दुसऱ्या खणात. ते काढायला मी उठलो नाही.

मला इथे सगळे 'वकील' म्हणतात. वकील मी कधीच नव्हतो. न्यायालयात बत्तीस वर्षं लघुलेखक होतो. वकील बोलायचे, साक्षीदार घाम पुसायचे आणि मी खाली मान घालून लिहून घ्यायचो. पण बत्तीस वर्षांत माणूस काहीतरी उचलतोच. उलटतपासणीत साक्षीदाराला कसा कोपऱ्यात घ्यायचा, चार प्रश्नांना त्याला सहज 'हो' म्हणू द्यायचं आणि पाचवा असा टाकायचा की त्याने तोंड उघडलं तरी अडकावं आणि मिटलं तरी अडकावं, हे मी कुठल्याही वकिलापेक्षा जास्त वेळा कागदावर उतरवलं आहे. निवृत्त व्हायच्या आधीच मी हे कसब देवाच्या कामाला लावलं, असं मी लोकांना सांगायचो. सांगताना छाती थोडी पुढे यायची. कुणी म्हणालं, तुम्ही मूर्तिपूजा करता, की मी विचारायचो, तुमच्या पाकिटात आईचा फोटो आहे का? आहे ना? त्या फोटोचं कधी चुंबन घेतलंत का? मग कागदाचं घेतलंत की आईचं? माणूस गप्प व्हायचा. गप्प झालेला माणूस पटलेला असतो असं मी धरून चालायचो. न्यायालयात तसंच चालतं. उत्तर नाही याचा अर्थ उत्तर नाही.

गप्प बसला नाही तो जावई. इतिहासाचा प्राध्यापक, पातळ ओठांचा, कधी आवाज न चढवणारा. आमची लेक त्याला घेऊन आली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच तो म्हणाला, "तुमचं सदर मी दर आठवड्याला वाचतो. तुमचा वाचक नंबर एक." मी खूश झालो. वाचतो कशासाठी ते नंतर कळलं. तो खोडायला वाचायचा. त्याचा जन्म आमच्यातलाच, लहानपणी वेदीवर फादरांच्या हाताशी घंटाही वाजवलेली, पण कॉलेजात गेला आणि सगळं सोडलं. लेकीने लग्न देवळात व्हावं असा हट्ट धरला तेव्हा त्याने तो मुकाट्याने मानला. दर रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला यायची. ही, माझी बायको, होती तोवर ताटं उचलता उचलता आम्हाला दोघांनाही दटावायची. ती गेल्यावर दटावणारं कुणी राहिलं नाही. बायबलात नुसत्या तुताऱ्यांच्या आवाजाने कोसळलेल्या यरीहोच्या भिंतींवर आम्ही तीन रविवार काढले. तो म्हणायचा, उत्खननवाले सांगतात की त्या काळी तिथे पडायला भिंतच उभी नव्हती. मी म्हणायचो, उत्खननवाल्यांचं मत दर तीस वर्षांनी बदलतं, जरा थांबा. लेक हसायची. लहानपणी ती इतकी पोक्त बोलायची की घरात तिचं नाव 'आजीबाई' पडलं होतं. "तुम्ही दोघं भांडा, मी आणि बाळ यरीहोची भिंत बांधतो," असं ती पोटावर हात ठेवून म्हणायची, कारण तेव्हा तिला दिवस गेले होते. मला ते रविवार आवडत होते. हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग तो जनगणनेचा रविवार आला. येशूच्या जन्माच्या वेळची नावनोंदणी. जावई म्हणाला, शुभवर्तमानात ज्या सुभेदाराचं नाव दिलंय त्याने जनगणना केली तेव्हा हेरोद राजा मरून नऊ-दहा वर्षं झाली होती, आणि त्याच शुभवर्तमानात येशूहून सहाच महिने मोठ्या योहानाच्या जन्माची वर्दी हेरोदाच्या कारकिर्दीत येते. दोन्ही खरं कसं? मी म्हणालो, त्या सुभेदाराने आधी एकदा तिथे कारभार केला असेल. तो म्हणाला, "पुरावा?" मी एका पुस्तकाचं नाव घेतलं. ते पुस्तक त्याने वाचलं होतं. त्याने मला त्याच पुस्तकातली पुढची पानं सांगितली, जिथे लेखकानेच आपल्या तर्काला आधार नसल्याचं मान्य केलं होतं. मी ती पानं वाचली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच पुराव्यावर मी तोंडघशी पडलो, आणि तेही लेकीसमोर. ती हसली नाही. उलट माझी कीव येऊन तिने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "जाऊ दे ना पप्पा, त्याने काय बिघडतं?" जावईसुद्धा लगेच म्हणाला, "बरोबर आहे. विश्वास काही सुभेदाराच्या तारखेवर उभा नसतो." तो मला हात देत होता. मला ते अपमानापेक्षाही जास्त झोंबलं. त्या रात्री मी अंथरुणात त्याला वीस उत्तरं दिली. एकही धड नव्हतं.

त्यानंतर सोळा दिवसांनी बाळ आलं. सातव्या महिन्यात. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "फार वेळ नाहीये." काचेच्या पेटीत, माझ्या तळहाताएवढी पाठ, आणि ती पाठ सारखी वरखाली होत होती. मला बाप्तिस्म्याबद्दल सगळं ठाऊक होतं. हाताच्या अंतरावर पाण्याची बाटली होती. कोणीही देऊ शकतो असं छापून मी शेकडो लोकांना सांगितलं होतं. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "मी फादरना घेऊन येतो," आणि जिन्याकडे धावलो. देवळात गेलो, फादर पापनिवेदन ऐकत होते, त्यांना तसंच उठवलं. का, ते चार वर्षं स्वतःला विचारतोय. मला वाटलं, माझ्या नातवाचं नीट व्हावं. गळ्यात स्टोलचा पट्टा घातलेल्या फादरांच्या हाताने व्हावं, तेल लागावं, कुणाला नंतर बोट ठेवायला जागा राहू नये. लोकांना दिलेली सवलत मला स्वतःच्या घरात चालत नव्हती. आम्ही परत पोचलो तेव्हा पेटी उघडी होती आणि परिचारिका नळ्या काढत होती. फादर सरळ लेकीच्या खाटेपाशी गेले. जावई खिडकीशी उभा होता. त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली होती. तो मला म्हणाला, "मी दिला."

एवढं ऐकून मी त्याला मिठी मारायला हवी होती. मी लघुलेखक झालो. हळू आवाजात, दारामागच्या कोपऱ्यात, मी त्याची साक्ष घेतली. पाणी कुठलं? बाटलीतलं, साधं. डोक्यावरून वाहिलं की नुसता हात ओला करून लावला? वाहिलं, म्हणाला, आणि बाही दाखवली. शब्द कोणते? त्याने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा सगळं बिनचूक म्हटलं. माझ्याच सदरातून पाठ झालं असणार. तेव्हा बाळ जिवंत होतं? "हो," तो म्हणाला, "त्याने डोळे मिटले, पाणी लागल्यावर." इथे थांबायचं होतं. फार तर एक प्रश्न राहत होता, ख्रिस्तसभा करते तेच करायचं होतं ना, आणि त्याचं उत्तर त्याच्या बाहीवरून ठिबकत होतं. पण मी तो विचारला नाही. मी विचारलं, "तुमचा विश्वास होता का?" या प्रश्नाला अर्थ नव्हता. त्याच्या उत्तराने काहीही बदलणार नव्हतं. मला हे पक्कं माहीत होतं आणि तरी मी विचारला, कारण इतक्या प्रश्नांत हा एकच असा होता जिथे तो हरणार होता. सुभेदाराच्या तारखेचा मी असा वचपा काढला. माझा नातू थंड होत होता आणि मी हिशेब चुकता करत होतो. जावयाने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. उत्तर नाही. फादरांनी खाटेपासून माझ्याकडे मान वळवली, भुवया उंचावूनच विचारलं, बाप्तिस्मा झाला का, आणि मी मान आडवी हलवली.

लेकीने ते पाहिलं. ती म्हणाली, "पप्पा, मग तो कुठे आहे आता?" मी तिला उत्तर दिलं. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते, लिम्बो, म्हणजे अशा बालकांसाठी स्वर्गाच्या उंबऱ्याबाहेरची जागा, हे केवळ एक मत होतं, धर्मसिद्धान्त कधीच नव्हता, आशेला पूर्ण जागा आहे. एका शब्दाची चूक नव्हती त्यात. ती भिंतीकडे वळली. दफनाच्या वेळी छोटी प्रार्थना झाली, नोंदवहीत बाप्तिस्म्याची नोंद झाली नाही, आणि रविवार बंद झाले. म्हणजे ती दोघं वाढदिवसाला यायची, आजारी पडलो की यायची, डबा आणायची. जावयाने मात्र माझ्याशी पुन्हा कधी वाद घातला नाही. मी मुद्दाम एकदा प्रलयाचा विषय काढला तर म्हणाला, "असेल तसं." सुरुवातीला मला वाटलं, जिंकलो. मग वाटणं बंद झालं. सदर चालू राहिलं. उलट अधिक धारदार झालं, असं लोक म्हणायचे. मी काइनाची बायको शोधून दिली, पोपच्या खुर्चीचे चारही पाय पक्के केले, आणि दर गुरुवारी पान गेलं की घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो. पापनिवेदनाला जायचो. राग, आळस, कुणाबद्दल वाईट बोललो, सगळं सांगायचो. ते एक सांगायचो नाही. सांगितलं असतं तर आधी ते आहे असं मानावं लागलं असतं.

"वकील, झालं का?" फादर आत आले. संपादक तेच आणि धर्मग्रामगुरूही तेच, त्यामुळे त्यांच्या एका खिशात नेहमी प्रूफं आणि दुसऱ्यात देवळाच्या किल्ल्या असतात. "पान चार वाजता छापायला जातंय."

"ह्या वेळी यरीहोचं घेऊ. तयार आहे," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, उभ्या उभ्या वाचलं. "यरीहो तीन हजार वर्षं थांबलंय, आणखी आठवडाभर थांबेल. ही बाई रोज फोन उचलतेय. हेच घ्या. आणि तिला आजच कळवा पण, छापून यायची वाट नको." मग माझ्या कागदाकडे पाहून म्हणाले, "'होय'वर का थांबलात? सरळ तर आहे."

"सरळ आहे," मी म्हणालो. "लागू होतो. विश्वासाचा प्रश्नच येत नाही."

"मग?"

मी मनात हिशोब केला. रविवारी अंक देवळाच्या दाराशी असेल. सोमवारी जावई तो वाचेल. वाद घालत नसला तरी वाचतो, लेक सांगते. वाचेल आणि कळेल की म्हाताऱ्याला हे माहीत होतं. किंवा पत्र मी खणात टाकतो, आणि कुठेतरी एक बाई रोज फोन करत राहते. आमची आजीबाई चार वर्षं कुणाला फोन करत असेल? तिच्याजवळ तर एवढी परिचारिकाही नव्हती. मी पेन खाली ठेवलं.

"फादर, माझ्या नातवाची नोंद घाला."

ते खुर्चीत बसले. खाली पाढे थांबून सुट्टीची घंटा झाली. "तुम्ही मान हलवली होतीत," ते म्हणाले.

"हो."

"मी विचारलंसुद्धा नाही त्याला. म्हटलं, वकिलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." त्यांनी चष्मा काढला. ते रागावतील असं मला वाटलं होतं, रागावले असते तर बरं झालं असतं. "का केलंत?"

"जनगणनेवरून," मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर नव्हतं. त्यांना काही कळलं नसावं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि एका प्रूफाच्या मागे लिहायला घेतलं. तारीख. आईवडिलांची नावं त्यांना माहीत होती. देणारा, वडील स्वतः. "आणि बाळाचं नाव? पाणी ओतताना त्याने नाव घेतलं असेल ना?"

मी त्यांच्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिलो. मला नाव माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

परिचारिकेचं उत्तर मी सहा ओळींत संपवलं, तिने पत्रात दिलेल्या नंबरावर फोन लावला आणि तेच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नक्की ना?" मी म्हणालो, "नक्की." ती रडायला लागली आणि मी घाईने फोन ठेवला. मग मी लेकीच्या घरी चालत गेलो. बस होती, पण चाललो. तिसरा मजला, दारापुढे दोघांच्या चपला. दार तिनेच उघडलं. "पप्पा? बरं नाहीये का?" आत जावई टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसला होता, तो उठून उभा राहिला. मला पाणी दिलं. मी पेला हातातच धरून उभ्याने सांगून टाकलं. तो बाप्तिस्मा लागू होता. पूर्ण. विश्वासाची अट नसते. मला तेव्हाही माहीत होतं.

लेकीच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी नीट पाहिलं नाही, मला धीर झाला नाही. ती म्हणाली, "आज का सांगताय?"

"एका बाईचं पत्र आलं. तसंच. उत्तर रविवारी येतंय."

"म्हणजे छापून येतंय म्हणून आलात."

मला नाही म्हणायचं होतं. म्हणालो नाही. "नोंद करायची आहे," मी म्हणालो. "फादर तयार आहेत. फक्त नाव..."

"नाव?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "चार वर्षं, पप्पा. डबा घेऊन येते, तुमच्या गोळ्या लावून देते. एकदा तरी विचारलंत? मी वाट बघायची. म्हटलं, बाकी काही नाही, निदान नाव विचारतील." तिचा आवाज चढला नाही. तो चढला नाही हेच मला सहन होईना. "मी फादरना जाऊन सांगेन. त्यांच्याच हातून लिहून घेईन. तुम्हाला नाही सांगणार." ती आत गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो चालू होता.

मी पेला टेबलावर ठेवला. जावई माझ्याबरोबर दाराबाहेर आला. जिन्यापाशी मी म्हणालो, "माझं चुकलं. तुमचा विश्वास नव्हता हे मला माहीत होतं, आणि तरी मी तोच प्रश्न..." त्याने मला कोपराला धरलं, पायरी दिसत नसलेल्या माणसाला धरतात तसं.

"होता," तो म्हणाला. "पाणी ओतत होतो तेव्हा होता. माझा मलाच धक्का बसला. तुम्ही जिन्यातून वर येताना दिसलात तेव्हा मला वाटलं, हे पहिलं तुम्हालाच सांगायचं." त्याने मागे दाराकडे पाहिलं. "तुम्ही विचारलंत, तोपर्यंत होता."

मग त्याने माझा हात सोडला, सांभाळून उतरा म्हणाला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.